रांजणांच्या पठारावर तोंडी परीक्षा

आजान बुनथाव यांनी फळ्यावर लिहिलं होतं:
पाय रोवून उभं राहा.
शेवटच्या माणसाच्या डोळ्यांत बघा.
तीन आकड्यांपेक्षा जास्त गप्प राहू नका.
बोलणाऱ्याचा कोंडा खपतो,
न बोलणाऱ्याचा तांदूळ पडून राहतो.

आम्ही अकरा जणांनी ते वहीत उतरवलं.
माझी जीभ तिथेच राहिली, वहीच्या घडीत.

फोन्सावानच्या त्या वर्गात
मला 'ख' ओलांडता येत नव्हता
आणि नाव माझं खामसीन.

मग मी पहाटे सायकल काढायची,
तिकीटघर उघडायच्या आत पठार गाठायचं
आणि कलंडलेल्या एका रांजणात मान घालून
सगळं पाठ म्हणायचं:
नमस्कार, मी ख, ख, खा
रांजणाला घाई नसते.
अडलेलं अक्षर तो तसंच्या तसं परत द्यायचा,
फक्त जरा जाड करून,
एखाद्या थोराड माणसानं तोंडात घोळवल्यासारखं.
तळाशी साचलेलं पाणी, शेवाळ
आणि एक बेडूक,
जो माझ्या सरावाला कंटाळून
महिन्याभरात घर बदलून गेला.

परीक्षेला खरे प्रवासी होते.
दोन फ्रेंच बहिणी, सारख्याच टोप्यांतल्या,
गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ,
आणि कुणाची तरी आठ-नऊ वर्षांची मुलगी,
जिचं सगळं लक्ष वितळत्या आइसक्रीमकडे.
मागे आजान, हातात गुणपत्रिका.

मी सांगितलं,
राक्षसांच्या राजानं लढाई जिंकली,
तांदळाची दारू गाळली,
ती मुरवायला हे रांजण घडवले.
हसले सगळे.
मग सांगितलं, आसपास हाडं सापडली, मणी सापडले,
मेलेल्यांसाठी असतील बहुधा.
माना हलल्या. गुडघेवाले गृहस्थ
टेकलेल्या रांजणापासून जरा सरकून उभे राहिले.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली,
"पण ज्यांनी केले ते लोक गेले कुठे?"

एक.
दोन.
तीन.
आजानांचं पेन उचललं गेलं.
चार. वहीत याचं उत्तर नव्हतं.
पाच.
सहा, आणि वारा आला,
उघड्या तोंडांवरून एकेक करत गेला.
सात. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आता,
सगळे रांजणांकडे बघत होते.
आइसक्रीमचा थेंब गवतावर पडला, तोही ऐकू आला असं मला वाटलं.
नऊ.

"माहीत नाही," मी म्हणाले.
"कोणालाच माहीत नाही."

मुलीला उत्तर आवडलं असावं,
कारण ती लगेच शोधायला धावली,
पलीकडच्या एकट्या रांजणाकडे, विटांची रांग ओलांडत,
आणि माझ्या तोंडून गेलं:
"खबरदार! पांढऱ्याच्या आत!"

एकही अक्षर अडलं नाही. 'ख'सुद्धा.
हे वाक्य मी शाळेच्या आधी शिकले.
एकदा भावासाठी ओरडले होते,
तेव्हा ते मला उशिरा सुचलं होतं.

ती थांबली. एक पाय हवेत.
मग मी हळू आवाजात समजावलं:
अर्धी वीट पांढरी, अर्धी लाल.
पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली,
लाल बाजूला अजून आहेत,
माझ्या आईच्या जन्माआधी आकाशातून पडलेले,
ज्यांचं बोलायचं राहून गेलंय.
ते तीन आकडेही मोजत नाहीत.

सगळे पांढऱ्या बाजूनं, एकामागे एक, परतले.

गुणपत्रिकेत
आवाज: दहापैकी नऊ.
माहिती: सहा.
विराम: एक आकडा, खोडलेला,
वर दुसरा, तोही गिरवलेला,
काही केल्या वाचता येत नाही.

परवाना गळ्यात आहे. रोज दोन फेऱ्या.
नाव अजूनही अडतं.
लोक थांबतात.