पिक

नव्या पेठेत मिरजकरांच्या दुकानात
काचेची बरणी आहे, पूर्वी तिच्यात लिमलेटच्या गोळ्या असाव्यात.
आता पिक.
मी म्हटलं, एक चांगला द्या.
हारूनभाई म्हणाले, चांगला असा नसतो.
तू वाजवतोस काय, ते सांग.

सांगता येईना.
शनिवारी जुळे सोलापुरात लग्नाचा ऑर्केस्ट्रा,
चार तास नुसते कॉर्ड,
गायकाच्या मागे, थर्माकोलच्या मोरांच्याही मागे.
आणि रात्री गच्चीवर,
पत्र्यातलं ऊन अजून उतरलेलं नसतं तेव्हा,
एकेक सुटा सूर, कुणी न मागितलेला.

म्हणजे दोन माणसं आहेस, ते म्हणाले
आणि बरणी उपडी केली.

हा अर्ध्या मिलिमीटरचा. बघ, कसा लवतो.
सहाही तारांवरून वाकत जाईल,
पाव्हण्यांना हात जोडत फिरणाऱ्या मुलीच्या बापासारखा.
हा दीडचा. हा लवत नाही.
एका तारेला विचारतो
आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभा.
बोलताना त्यांच्या तर्जनीवरचा वळ दिसला,
नखीचा.
सतार सोडून तीस वर्षं झाली म्हणे.

चार घेतले. काडेपेटीत घालून आणले अशोक चौकात.

वडील जेवत होते.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगाचटणी, कच्चं तेल.
काय आणलंस?
पिक.
हात थांबला त्यांचा.
बावीस वर्षं यंत्रमागावर त्यांनी पिकच तर मोजले:
धोटा इकडून तिकडे गेला की एक पिक,
इंचात किती बसले, त्यावर मजुरी.
केवढ्याला?
वीस रुपयाला एक.
त्यांच्या ओठांवर हिशेब चालला, तेलुगूत.
हिशेब आमच्या घरात कुणीच मराठीत करत नाही.
मग म्हणाले, वाजव.

त्यांचे कान निम्मे कारखान्यातच राहिलेत.
पातळ पिक लावला,
तर ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले,
बंद काचेपलीकडचा पंखा बघावा तसे.
मधला लावला. तसेच.
जाड लावला, खालची तार, एकच,
तेव्हा मान वळली.
आता आला, म्हणाले.
परत.

मी परत वाजवली. अकरा वेळा वाजवली.
बाराव्या वेळी पिक बोटांतून निसटून
आईच्या सुपात पडला, तंबाखूत.
तिनं वर न बघता उचलला,
चिमटीत धरून तोलला, पान तोलतात तसा.
हजार विड्या दिवसाला, ती बोटं.
गट्टिगा पट्टुकोकु, म्हणाली.
घट्ट धरू नको.
घट्ट धरलं की पान फाटतं, सैल धरलं की विडी सुटते.
मधलं कसं असतं, ते मी विचारलं
तर तिनं नुसती पुढची विडी वळून दाखवली,
आणि मला काही दिसलं नाही, इतकी पटकन.

शनिवारी पातळच नेला.
तिसऱ्याच गाण्यात, वरमाईच्या फर्माइशीवर, त्याचं टोक उडालं.
उरलेल्या तुकड्यानं रात्र काढली,
अंगठ्याचं नख अर्धं गेलं,
कुणाला कळलं नाही,
ढोलकीवाल्या बसूलाही नाही.
खिशात जाडा होता. काढला नाही.
तो घरचा.

दोन वाजता दार लोटलं.
वडील जागे, सोलापुरी चादर गळ्यापर्यंत,
चैत्रातसुद्धा.
किती पिक पडले आज?
मोजले नाहीत.
अंधारात बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कुशीवर वळले, आईला म्हणाले,
त्याला वाटलं हळू आवाजात,

न मोजता पैसे देतात गं याला.