पाणी येईपर्यंत

आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं,
तेही रात्री अडीचला, चोरासारखं,
आधी नळातून नुसती हवा खोकत.
त्या रात्री आम्ही झोपत नाही.
निळी पिंपं लावून, पाइप जोडून
जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतो
आणि जग फिरतो.

हे म्हणतात, व्हिएन्ना.
यांना चर्च आठवतं, त्याचं छत,
मान दुखेपर्यंत बघितलेलं.
मला आठवते शेंगाचटणीची फुटलेली पुडी.
सगळ्या साड्यांना लसूण लागला,
म्युझियममध्ये एक बाई दोनदा वळून बघत होती.
दुसऱ्यांदा हसली.
तिला भूक लागली असणार, हे म्हणतात.

लोकांना वाटतं पुण्याच्या पोरानं पाठवलं आम्हाला.
वाटू दे.
दोन माग होते मागच्या खोलीत,
बंद पडून सात वर्षं झालेली.
टेम्पो आला, काट्यावर चढवले,
लोखंडाच्या भावानं व्हिएन्ना झालं.
उरलेल्यात इस्तंबूल.

चाळीस वर्षं टॉवेल विणले यांनी.
हॉटेलात शिरल्यावर माणूस खिडकी उघडतो,
हे बाथरूममध्ये जायचे,
टॉवेल उलटा करायचे,
किनार चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचे.
'आपला नाही.'
सहा देश, नऊ हॉटेलं,
आपला नाही, आपला नाही.
शेवटच्या ठिकाणी मीच खोटं बोलले,
हा बघा, हा आपल्याकडचा.
यांनी हात फिरवला. एका बोटात कळलं असणार.
काही बोलले नाहीत.
त्याच टॉवेलनं तोंड पुसत राहिले
कोरडं झाल्यावरही.

मला मात्र कुठल्या यंत्रानं ओळखलं नाही.
काचेवर चार बोटं ठेवा. परत ठेवा. पुसून ठेवा.
दिवसाला हजार विड्या, लग्नाच्या आधीपासून,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
बोटांवर रेघ म्हणून राहिलेली नाही.
तो गोरा पोरगा, आमच्या नातवाएवढा,
खुर्चीतून उठला, माझी बोटं धरून काचेवर दाबू लागला.
कासार सोडला तर परक्या पुरुषानं
माझा हात धरलेला तो पहिलाच.
मागं रांग वाढत होती.
काच म्हणत होती, इथं कुणी नाही.
तेव्हा हे पुढं झाले, सरळ मराठीतच म्हणाले,
'साहेब, विड्यात गेल्या की तिच्या रेघा.'
त्याला काय कळलं देव जाणे.
शिक्का मारला.

आणि ती बोट.
दोन्हीकडं दिवे, मध्ये काळं पाणी.
यांनी हळूच विचारलं,
गड्ड्यात पाळण्यात बसवलं होतं तुला, लग्नाच्या वर्षी, आठवतं?
आठवतं की.
वर गेल्यावर ओरडले होते, उतरवा मला, उतरवा,
अर्धी तेलुगूत, अर्धी मराठीत,
खाली तुमचे मित्र हसत होते.
इथं इतकं मोठं पाणी, इतकी रात्र,
आणि मला ओरडावंसं वाटलं नाही.
तेच खटकलं मला,
पण यांना सांगितलं ते इतक्या दिवसांनी,
इथं, जिन्यात.
हे गप्प बसले.
मग म्हणाले, मला भीती वाटत होती तिथं.
म्हणूनच विचारलं.

नळ खोकला.
'नागमणी, नीळ्ळु वच्चिनाय!'
उठताना गुडघे वाजतात, आधी माझे, मग यांचे.

एक सांगायचं राहिलं.
हॉटेलात शॉवर सोडून
हे बाहेरच उभे राहायचे, कपड्यांसकट, कोरडे.
वाया चाललंय, मी म्हणायची.
'बघू दे गं थोडं.'

आता शेवटचं पिंप काठोकाठ भरलंय,
फरशीवरून उंबऱ्याकडं ओघळ निघालाय.
बंद करा की, मी म्हणते.
हे पाइप धरून उभे.