ऐन

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, क्लबच्या हॉलमध्ये
आमचा चित्रपट महोत्सव.
'पर्यावरण' असं बॅनरवर, बॅनर फ्लेक्सचा.
एकशेवीस खुर्च्या, त्र्याऐंशी माणसं,
प्रत्येकाच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली
आणि एसी इतका, की सुहासिनी गद्रे शाल पांघरून
तापत्या पृथ्वीवरचा माहितीपट बघत होत्या.
हसणार नाही मी. बाटल्यांची ऑर्डर माझीच होती.

माझं खरं काम सबटायटलचं.
हेस्साची फिल्म अकरा मिनिटांची,
तिच्या आजोबांवर, जे पोरवयात मोत्यांच्या होडीवर होते.
ते सांगतात: तहान लागली की आम्ही समुद्रात बुडी मारायचो.
खाऱ्याच्या तळाशी गोडं पाणी उसळायचं,
कातडी पिशवीचं तोंड त्यावर धरायचं,
भरलं की मुठीत आवळून वर.
खलाशांनी त्याला आणखीही नाव ठेवलेलं,
आजोबा मात्र म्हणतात, ऐन.

ऐन म्हणजे झरा, हेस्सा म्हणाली, आणि डोळासुद्धा.
पडद्यावर दोन ओळी, ओळीला बत्तीस अक्षरं.
'झरा' लिहावं तर डोळा मिटतो,
'डोळा' लिहावं तर लोकांना वाटेल
म्हातारबुवा मोतीबिंदूचं सांगतायत.
रात्री दीडला भांडी विसळताना ध्यानात आलं,
हा तर आपल्याच घरातला.
ऐन दुपारी. ऐन वेळी. ऐन पंचविशीत.
जन्मभर बोलले,
आत कधी वाकून पाहिलं नाही.
तरी 'झरा'च लिहिलं. नळ बंद केला.

तर फिल्म चालू.
कोरडा खळगा, त्यात कोल्ड्रिंकचे डबे,
खजुरांची झाडं, शेंडे नसलेली.
मग कारखाना, समुद्र गोडा करणारा,
आणि त्याचा जाड पाइप, ऊन ऊन खारट परत ओकणारा.
तिथे तिसऱ्या रांगेत इस्माईल फणसोपकर उभे राहिले.
त्यांच्या टोपीची सावली नेमकी पाइपाच्या तोंडावर.
"तो डाव्या हाताचा व्हॉल्व्ह," ते म्हणाले,
"तो मी उघडायचो. एकतीस वर्षं."

खाली बसा, असं कुणीच म्हटलं नाही.

"पाणी गोडं हवं तर मीठ कुठे तरी टाकायलाच लागतं.
तुमचा चहा त्यातलाच. माझ्या पोरींची लग्नंही.
पयल्या दोन वर्षांत पाइपाजवळ मासे यायचे,
पाव टाकला की तोंड वर करायचे.
मग येईनासे झाले.
मी रजिस्टरात लिहिलं नाही.
रजिस्टरात माशांचा रकाना नव्हता."

काय म्हणाले, हेस्सानं माझा दंड धरून विचारलं.
मी तोंड उघडलं,
आणि माझ्याकडे पुन्हा दोनच ओळी, बत्तीस अक्षरं.
व्हॉल्व्ह सांगितला. पाव राहिला.

आजोबा पहिल्या रांगेत होते. एक कान बुडीतच गेलेला.
ते मागे वळले, दुसरा कान पुढे करून
फणसोपकरांना अरबीत काहीतरी विचारलं,
फणसोपकरांनी अरबीतच सांगितलं,
हातानं पाण्याची ऊब दाखवत,
जशी बाळाच्या आंघोळीची बघतात.
मला कुणी विचारलं नाही.
दोघं दार ढकलून व्हरांड्यात गेले.
फिल्म त्यांच्यावाचून संपली. टाळ्या पडल्या, पुष्कळ.

नंतर खुर्च्यांखालून बाटल्या गोळा केल्या,
बहुतेक अर्ध्याच प्यायलेल्या.
उरलेलं बादलीत ओतत गेले. एक भरली,
दुसरी जवळजवळ.
बाहेरच्या कडुनिंबाला घातलं.
काचेपलीकडे ते दोघे अजून बसलेले,
चहाचे कागदी कप मधे,
बोलत नव्हते.

बुधवारी दुसरा शो आहे.
'झरा' काढलाय. 'ऐन' ठेवलंय.
कळलं नाही तर विचारतील कुणी तरी,
नाहीतर नाही विचारणार.
आणि वॉचमनचा फोन होता मघाशी:
बाई, बाटल्या आल्यात.
दोनशे.