ड वर्ग

नकाशा उघडताना चार कोपऱ्यांवर वजनं ठेवावी लागतात.
सत्तर वर्षं गुंडाळून राहिलेला कागद
सरळ व्हायला नाखूश असतो.

डरहॅम परगणा, मैलाला सहा इंच.
ओढ्याच्या वळणाशी ब्रॅकनलॉ:
घरांच्या दोन ओळी, एक चॅपल, एक सहकारी दुकान,
आणि सगळ्यांच्या अंगावरून, हिरव्या शाईत,
एकच अक्षर. डी.

आपल्याकडे ड वर्ग म्हटलं की
निदान नगरपालिका असते, नगराध्यक्ष असतो,
चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो.
इथे ड म्हणजे, या गावाला यापुढे काही देऊ नये.
नवी वीट नाही, मोरी नाही, दिव्याचा खांब नाही.
घर रिकामं झालं की पाडावं.
गाव उठवायला पूर्वी पटकी लागायची, पेंढारी लागायचे.
इथे एक समिती पुरली,
मंगळवारी, चहानंतर.

वडील साताऱ्याला मोजणी खात्यात होते.
वस्ती पांढरीत, पीक काळीत,
हे मला बाराखडीच्या आधी पाठ.
ब्रॅकनलॉची काळी नऊशे फूट खाली होती.
ती पिकली म्हणून वर पांढरी बसली,
तीही कंपनीने बसवलेली, एका उन्हाळ्यात, दोरी लावून.
ओळींना नावंसुद्धा नव्हती. पहिली. दुसरी.
मग खालची काळी संपली,
आणि वरच्यांचं काय करायचं
हा प्रश्न विषयपत्रिकेत सातवा आला.

मी नॉरिस लोथरचा राग करायला बसले होते.
हिरवी शाई त्याची.
पण समासात, बारीक पेन्सिलीत, त्यानेच लिहिलंय:
"पाच घरांत एक संडास, तोही उतारावर.
मी अशाच घरात जन्मलो."
त्याला नव्या शहरात प्रत्येकीच्या ओट्यावर
गरम पाण्याचा नळ हवा होता.
नळ आले. सपाट छपरं आली, ती गळली.
आता त्याच छपरांचा वारसा जपणारे लोक
माझ्याकडे मूळ आराखडा मागायला येतात,
अर्ज भरून, दोन प्रतींत.

फायलीत अकरा पत्रं आहेत, सगळी चौदा नंबरची,
विनिफ्रेड स्टॉबर्टची.
शेजारचं पाडलं तेव्हा तिची भिंत उघडी पडली,
भिंतीवर शेजारणीच्या स्वयंपाकघराचा पिवळा रंग.
तो तिने राहू दिला. स्वतःचं दार मात्र
दर मे महिन्यात रंगवायची.
नववं पत्र असं:
"महाशय, तुमच्या कागदाप्रमाणे
आम्ही एव्हाना संपायला हवं होतं.
आज कोंबडीला सात पिल्लं झाली.
कळावे."

पुढे कधीतरी धोरणच बदललं.
कुणीतरी रबराने ते अक्षर खोडलं,
शाई कसली जाते, कागद तेवढा पातळ झाला.
गावाला कुणी कळवलं नाही.
नऊ घरं उरली होती.
हल्ली दलाल त्यांची जाहिरात करतात,
निवांत, भोवती मोकळं रान.
रान मोकळं कसं झालं ते लिहीत नाहीत.

काल चौदा नंबरची बाई आली,
विनिफ्रेडची नात, बुटांना चिखल.
मी हा नकाशा उलगडला, पत्रं काढली,
जरा गहिवरायची तयारीही ठेवली होती.
ती म्हणाली, "हे सगळं नंतर.
स्वयंपाकघरात पाणी तुंबलंय.
मोरीची लाईन कुठून गेलीय, एवढं सांगा."

नकाशात मोरी नाही. मंजूरच नव्हती.

"मग आजीचं पाणी जायचं कुठे?"

आम्ही दोघी कागदावर वाकलो.
मी प्रत काढून दिली, पेन्सिल दिली.
चौदा नंबरच्या मागच्या दारापासून
तिने एक वाकडी रेघ सुरू केली,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून,
पाडलेल्या पंधरा, सोळा, सतराच्या पोटातून
ओढ्याच्या दिशेने.
"रात्री खणली असणार," ती म्हणाली,
आणि अठराशी थांबली, आठवत.