काउंटरची काच

हात थरथरू लागला आणि दुकान बंद केलं.
घड्याळं ज्याची त्याला दिली,
न्यायला कुणी आलं नाही ती
बुटाच्या खोक्यात, टिकटिकत राहिली चार दिवस.
काउंटरची काच मात्र भंगारवाल्यानंही नाकारली.
म्हणाला, काका, डाग हाय हिच्यावर.

डाग म्हणजे पुराची रेघ.
व्हीनस कॉर्नरला पाणी सहा दिवस उभं होतं.
उतरलं तेव्हा दुकानभर गाळ,
आणि काचेवर ही करडी, सरळ,
पट्टी लावून ओढल्यासारखी.
लिंबू, राख, रॉकेल, सगळं घासून पाहिलं,
रेघ काचेत मुरली होती.

लक्ष्मीपुरीत शिकलगारांच्या बशीरला सांगितलं,
असं काप की चारी बाजूंना
रेघ एकाच उंचीवर यावी.
"मासं ठेवणार?"
नाही.
"मग काय ठेवणार?"
झाडं, म्हटलं. आणि पुढचं नीट सांगता येईना.
त्यानं कापायचे पैसे घेतले,
कडा घासून दिल्या त्याचे नाही.

सिलिकॉनचा आंबूस वास दोन दिवस घरात.
शोभनानं लोणच्याच्या बरण्या उघडून हुंगल्या.
तिसऱ्या रात्री पेटीत पाणी भरून ठेवलं,
गळती बघायला.

पहाटे फरशी ओली.
शोभनाचा पाय पडला त्यात,
आणि दिवा न लावता, मला न उठवता
ती तांदळाचा डबा उचलून माळ्यावर ठेवायला लागली.
मग पिठाचा. मग रेशनकार्डाची पिशवी.
अगं, म्हटलं, पेटी गळतीय.
ती स्टुलावर तशीच उभी, पिशवी छातीशी धरून.
बराच वेळ.
मग खाली उतरली, जुनं लुगड्याचं फडकं आणलं,
आणि पुसता पुसता म्हणाली,
आता नीट चिकटवा.

नीट चिकटवलं.
तळाला विटांचे तुकडे, वर मच्छरदाणीचा कापड,
इस्त्रीवाल्याकडचा कोळसा मूठमूठ,
मग साडूनं गगनबावड्याहून आणलेली काळी माती,
पानांच्या कुजक्या वासाची.
माती मोजून रेघेपर्यंत भरली.
रेघेखाली माती, रेघेवर हवा.
एवढं एक कुणाला न सांगता ठरवलं होतं.

शेवाळ मागच्या भिंतीवरचं,
जिथं वरच्या मजल्याचा पाइप ठिबकतो.
नेचा विहिरीच्या कपारीतला, करंगळीएवढा.
चिमटा तोच, केसाएवढी स्प्रिंग उचलायचा.
भिंगही तेच, डोळ्यात बसवलेलं.
चिमट्याचं टोक हललं,
शेवाळ दोन गहू डावीकडं पडलं.
पडू दे.
घड्याळात एवढी चूक म्हणजे गिऱ्हाईक परत दारात.
शेवाळानं काही म्हटलं नाही.

आठव्या दिवशी एका काटकीवर पांढरी बुरशी चढली.
मला वाटलं, गेलं सगळं.
पण तिच्यावर चालत होते
धुळीच्या कणाएवढे पांढरे किडे,
मातीतूनच आलेले, बोलावणं नसताना,
आणि चार दिवसांत त्यांनी काटकी चाटूनपुसून ठेवली.

शेवाळाबरोबर एक गोगलगायही आली,
साबुदाण्याएवढी.
घरमालकांची ईश्वरी शाळेतून थेट येते,
दप्तरासकट काचेला नाक लावते.
"आजोबा, हिला मी सांभाळतो की."
काय सांभाळणार गं?
"रोज बघून जातो."
तिच्या श्वासाचा डाग बाहेरून,
झाडांच्या श्वासाचा आतून,
मधे काच.

सकाळी पेटी धुक्यानं भरलेली असते,
पन्हाळ्याच्या वळणावर गाडी थांबवावी लागते तशी.
दहाच्या सुमारास उजळत जाते.
थेंब काचेवरून निघतात, रेघेपाशी पोचतात,
मातीत जातात.
आत पाणी महिनाभर घातलेलं नाही.
मी खुर्ची ओढून बसतो.
मनगटावर काही बांधत नाही आता.

पेटीखाली शोभनानं घातलेलं फडकं
अजून तिथंच आहे.
केर काढायच्या आधी ती वाकून
चारी कोपऱ्यांना चाचपते.
कोरडं असतं.
तरी घडी बदलून ठेवते.