किलोला काय भाव

अवेशानेदाच्या कारखान्यात मी सतराव्या वर्षी लागले,
धुलाई खात्यात.
डबा उघडायचा, रीळ सोडायचं,
सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून
चित्रं निघेपर्यंत चोळायचं.
चित्रं निघतात. ताटाचं खरकटं निघतं तशीच.
उरते नितळ पट्टी,
शेजारच्या खात्यात तिच्या फण्या व्हायच्या.
गाळ मात्र मालक स्वतः कुलपात ठेवायचे.
रूप पाण्यात उतरायचं, रुपं तळाला बसायचं.
बोलपटांनी मुक्यांना हाकललं
आणि आमच्या मालकांची, अक्षरशः, चांदी झाली.

बाल्दोमेरो मुकादम दारात उभा राहून हुंगायचा,
कुणाच्या अंगाला सिगारेटचा वास येतो का.
एक ठिणगी, म्हणायचा, आणि आपण सगळे
थेट स्वर्गात, तेही बिनतिकिटाचे.

एका मंगळवारी एर्मिंदा कासाल आली. डब्यातून.
नऊ रिळं.

तिला मी पाहिलं होतं लहानपणी, बोएदोच्या थेटरात,
आईच्या मांडीवर.
पियानोवाल्याला सर्दी. शिंकायचा, सूर चुकायचा,
पुन्हा मागून सुरू करायचा.
ती जहाजाच्या कठड्याला टेकून
कुणाला तरी नाही म्हणत होती.
नुसती मान.
आई कानात म्हणाली, बघ, नाही असं म्हणायचं असतं.
आईला स्वतःला ते कधी जमलं नाही.

आणि आता ती माझ्या बोटांत, अंगठ्याच्या नखाएवढी,
सेकंदाला सोळा एर्मिंदा,
प्रत्येकीची मान आधीचीपेक्षा केसभर जास्त वळलेली.
उजेडाकडे धरून पाहिलं.
बाल्दोमेरो खाकरला.
मी बुडवली.
आधी डोळे गेले. आधी तेच का जातात
हे मला कुणी सांगितलं नाही.
मग जहाज.
समुद्र सगळ्यात शेवटी.

त्याच जुलैत, कडाक्याच्या थंडीत, फाटकाशी एक बाई.
कोट चांगला होता, कोपरं सोडून.
"किलोला काय भाव?"
मुकादमाला वाटलं, विकायला आलीय.
"विकायचं नाही. घ्यायचंय. नऊ रिळं असतील."
आवाज जाडाभरडा, डोंगराकडचा,
गुरं हाकणाऱ्या घरातला.
अच्छा, म्हणून. मला त्या क्षणी कळलं
बोलपटांनी हिला दारातूनच का परत पाठवलं.

बाल्दोमेरोने वहीवरून बोट फिरवलं.
"संपली."
"म्हणजे काय झालं त्यांचं?"
त्याने खिशातून फणी काढून तिच्या हातावर ठेवली.
फुकट. तो काही वाईट माणूस नव्हता.
तिने दातांवरून अंगठा फिरवला, ट्रर्र,
हॅट काढली,
आणि तिथेच, रियाचुएलोच्या त्या कुबट वाऱ्यात,
केस विंचरले.
सावकाश. भांग पाडून.
आम्ही सहाजणी हात ओले तसेच धरून उभ्या.
माझ्या उजव्या हाताची कातडी सोड्याने सोललेली,
ती चुरचुरत होती, एवढं पक्कं आठवतं.

परवा संग्रहालयातला एक पोरगा आला,
गळ्यात मफलर, टेबलावर टेपरेकॉर्डर.
म्हणाला, आजी, कासालचं काहीही शिल्लक नाही,
एक फूटसुद्धा नाही.
तिला पडद्यावर पाहिलेलं माणूसही आता मिळत नाही.
मी त्याला कॉफी दिली.
कपाटातली फणी काढून दाखवली, चार दात पडलेली.
त्या आठवड्यात गेटवर मीही एक मागून घेतली होती.
ती तिचीच कशावरून?
घोड्यांच्या कुठल्या पाठलागाचीही असेल,
किंवा साबणाच्या जाहिरातीची.
खोटं कशाला सांगू?

तरी तो म्हणाला, आम्हाला द्याल का? काचेखाली ठेवू.

मी कठड्याला टेकल्यासारखी टेबलाला टेकले
आणि मान वळवली. हळू. केसभर, केसभर, केसभर.

तो वाट पाहत राहिला, मी काही बोलेन म्हणून.
टेप फिरत होती.
त्याच्या यंत्रात तेवढी जागा कोरी आहे.