चौदा हजार

एकोणीस दिवस झाले होते फक्त.
यंत्रावरचं पातळ प्लास्टिक मी अजून काढलं नव्हतं,
कोपऱ्यातून खारं पाणी शिरून बुडबुडा धरला होता, तरी.
आणि शेटयेच्या दुकानात पुठ्ठ्यावर, निळ्या मार्करने :
फिश फाइंडर, रंगीत.
अठ्ठेचाळीस हजार खोडून चौतीस.

खोडलेला आकडा वाचता येत होता.
एकच रेघ मारली होती, तीही तिरकी.
निदान नीट गिरगटायचा तरी.

आनंदवाडीत आम्ही तिघांनीच घेतला होता आधी :
मी, इब्राहिम सोलकर आणि धाकटा कोयंडे,
ज्याने बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या होत्या.
कोयंडे दुकानात शिरला तो शिव्या देत.
बाहेर आला तेव्हा डोक्यावर टोपी,
कंपनीची, पांढरी, पुढे उडी मारणारा मासा.
आधीच्या गिऱ्हाइकांना भेट, शेटये म्हणाला.
इब्राहिमने हात पुढे केला नाही.
'एक घातलीस ना आधीच,' एवढंच बोलला,
आणि स्कूटरला किका मारत राहिला, ती सुरू होईना.

मी बर्फाच्या बिलामागे भागाकार केला.
चौदा हजार भागिले एकोणीस :
रोजचे सातशे छत्तीस, वर चौऱ्याऐंशी पैसे.
त्यातले चार दिवस वारा, लाँच नांगरावर.
दोन दिवस यंत्र चिनी बोलत होतं,
कणकवलीहून भाचा येईपर्यंत.
एक दिवस उंदराने वायर खाल्ली.
उरले बारा. पुन्हा भागलं.
ते उत्तर मी कुणाला सांगितलं नाही.

बाबल कुबल धक्क्यावर जाळं सांधत बसला होता.
'काय रे, तुका केवढ्याक पडलो तो?'
'अठ्ठेचाळीसाक.'
तो काही बोलला नाही. मान खाली,
सुई भोकातून आत, भोकातून बाहेर,
फक्त खांदे हलत होते.

घरी शलाका कोळंबी सोलत होती.
'सकाळी सात वाजता इसवण ज्या भावान इकतंय,
अकराक इकतंय काय तेच भावान?
साताचा गिराईक येता काय परत, भांडूक?'
मी म्हटलं, इसवण नासते.
यंत्राला काय वास मारतो?
तिने मान वर केली नाही.
'मारता. तू घरात इल्यापासना मारता.'

त्या रात्री बाहेर पडलो.
दीपगृहाचा झोत पाठीवरून गेला, आला, गेला.
पडद्यावर खोली : अठ्ठेचाळीस मीटर.
मीच होतो सुकाणूवर, हसायला दुसरं कुणी नव्हतं.
मग बेचाळीस. एकोणचाळीस.
तळ हळूहळू वर येत गेला
आणि आकडा चौतिसावर येऊन थांबला,
आणि तळापासून थोडं वर, लाल,
शेंदूर थापावा तसं जाड.
बांगडा. खलाशी अजून झोपेत होते.
मी इंजिन कमी केलं, आणि कुणाला हाक मारायच्या आधी
बटण दाबून ती जागा साठवली.

शनिवारी बाबलने घेतला. चौतिसाला. टोपीशिवाय.
रविवारी खोका काखेत घेऊन माझ्याच लाँचवर.
'ह्या कसा वाचतत, सांग मरे.'
सांगितलं. काय न सांगायचं?
गढूळ पाण्यात आवाज किती कमी ठेवायचा,
मासा कमानीसारखा दिसतो,
वाहून आलेली प्लास्टिकची पिशवीही तशीच दिसते,
पण तिची कमान लुळी असते.
हे कळायला मला एकोणीस दिवस लागले होते,
त्याला चहा गार होईपर्यंत कळलं.

मग तो सहज म्हणाला,
समुद्राकडे बघत, कान खाजवत :
'बांगडो खय गावलो तुका त्या राती?'

'त्येचे चौदा हजार पडतले.'

तो मोठ्याने हसला.
मग माझं तोंड बघून थांबला.